फळीखालचं गोणपाट

बुधीचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत कढत पाण्यात होते आणि मी बसल्या जागी हात खाली घालून गोणपाट चाचपत होते. ते माझ्याखालीच होतं. तेवढी खात्री झाल्यावर मी उठले.

हे आधी सांगून टाकते. शेवटी सांगितलं तर लोक म्हणतील, लपवून ठेवलं.

टाकी रोह्यातल्या पोह्यांच्या गिरणीतली. भात गरम पाण्यात भिजवायचं, निथळायचं, भट्टीत भाजायचं आणि मग यंत्रात चेपायचं, की पोहे होतात. टाकीला कमरेएवढा विटांचा कठडा होता. कठड्यावर आडवी फळी. फळीवर उभं राहून वल्ह्यासारख्या लाकडाने भात ढवळायचं. त्या सकाळी फळी एका बाजूने सरकली आणि माझ्याबरोबर कामाला असलेली बुधी आत गेली. पाणी गुडघाभरच होतं, म्हणून तेवढ्यावर भागलं. तिने कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. ओरडली नाही. "आई गो" एवढंच म्हणाली, तेही हळू.

सेठ आतल्या खोलीतून धावत आला. त्याने तिला काखेतून धरून वर ओढलं, मी कंबर धरली. खाली फरशीवर घेतली आणि पिंपातलं गार पाणी तिच्या पायांवर ओतत राहिलो. लुगडं सोडवायला गेले तर सेठ म्हणाला, सोडवू नको, कातडी येईल. ते बरोबर होतं.

त्या वर्षीची ईद झाल्यावर मी गाव सोडायला आमच्या निडी स्टेशनवर उभी होते. दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी आणि माझा रशीद. मोहल्ल्यातलं कुणी पोचवायला आलं नाही. आली ती ताहेरा, माझी धाकटी बहीण. गाडीला वेळ होता. ती बराच वेळ पेटीच्या कडीशी खेळत बसली आणि मग म्हणाली, "आपा, एक गप ऱ्हायली असतीस तर काय बिघडलं असतं?"

गाडी आली. मी चढले. ताहेरा, त्याचं उत्तर आता लिहिते. आणि तुझ्याबरोबर गावात राहिलेल्यांना आणि मुंब्र्याला, आखाताला गेलेल्यांनाही लिहिते, कारण प्रत्येकाकडे या गोष्टीची वेगळी कहाणी आहे असं मला कळतं. मी चौथी शिकले आहे. तेवढं मराठी पुरेल.

आमचा बावा, म्हणजे वडील, लोकांच्या खळ्यावर भात झोडायला जायचा. त्याची दोन वाक्यं माझ्या डोक्यात राहिली. एक, मालक गोड बोलायला लागला की हातातली वस्तू घट्ट धर. दुसरं, वजन दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं तर आधी आपल्या डोक्यावर घेऊन बघ. दुसरं वाक्य तो मशिदीत ऐकून आला होता की त्याचं स्वतःचं होतं, माहीत नाही. मी पहिलं वाक्य चांगलं पाठ केलं. दुसरं करायला पाहिजे होतं.

नवरा गेल्यावर मी आधी एका भाताच्या गिरणीत कामाला होते. तिथला मालक एक दिवस म्हणाला, तू दमतेस, आठ दिवस बारदानं शिवत बस, सावलीत. मी त्याला दुवा दिली. नवव्या दिवशी माझ्या जागेवर त्याच्या गावची बाई होती आणि बारदानं शिवून संपली होती. तेव्हापासून कुणी माझं काम हलकं केलं की मला आधी बाहेर जायचा दरवाजा दिसतो.

हसनसेठ, म्हणजे पोह्यांच्या गिरणीचा मालक, आमच्याच जमातीतला. त्याच्यात खोट शोधायला मी पहिल्या दिवसापासून बसले होते. मजुरीला कधी उशीर झाला नाही. घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी असं आपल्या धर्मात सांगितलंय, हे तो नुसतं बोलत नव्हता, संध्याकाळी खरंच हातावर ठेवायचा. दुपारी आमच्यातच जेवायला बसायचा आणि आमचीच डाळ खायचा. कामाला असलेला माणूस भाऊ असतो, आपण खातो ते त्याला द्यावं, त्याच्या ताकदीबाहेरचं काम त्याला देऊ नये आणि दिलंच तर आपण हात लावावा, असं सांगायचा. बाकीच्या बायकांना ते ऐकून बरं वाटायचं. मी विचार करायचे, एवढं सांगावं का लागतं?

टाकीवरचं काम माझं होतं. फळीच्या डाव्या टोकाखालची वीट हलत होती. मी मुनीमला दोनदा सांगितलं. तो दोन्ही वेळा बघू म्हणाला. मग मीच उपाय काढला. एक गोणपाट चार घड्या करून, ओलं करून त्या विटेवर दाबून बसवायचं आणि त्याच्यावर फळी. मग फळी दगडासारखी बसायची. सकाळी लावायचे, संध्याकाळी काढून घरी न्यायचे. ओलं राहिलं तर कुजेल म्हणून काढते, असं सांगायचे. खरं तर दुसऱ्या कुणाला तिथं उभं राहता येऊ नये म्हणून काढायचे. ते गोणपाट म्हणजे माझी नोकरी होती. निडीहून सकाळच्या गाडीने ते माझ्याबरोबर यायचं आणि संध्याकाळी माझ्याबरोबर जायचं.

मग रमजान आला. आदल्या जुम्म्याला मौलानांनी मशिदीत सांगितलं होतं की या महिन्यात आपल्या हाताखालच्या माणसांचं ओझं हलकं करा. हसनसेठ दुसऱ्याच दिवशी सकाळी उभा राहिला आणि म्हणाला, रोजेवाल्या बायकांनी टाकीवर आणि भट्टीवर यायचं नाही, चाळणीवर बसायचं. आम्ही तिघी होतो. दोघींनी हात वर करून दुवा दिली. मला आठ दिवसांची बारदानं आठवली.

तहानेने जीभ टाळूला चिकटते तेव्हा भट्टीजवळ उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. सेठने केलं ते वाईट नव्हतं. पण भात तेवढंच होतं, पाणी तेवढंच कढत होतं. आमचं हलकं झालेलं ओझं हवेत उडून गेलं नाही. चाळणीवर बसणाऱ्या दोन कातकरणी होत्या, बुधी आणि तिची जाऊ. त्यांना रोजा नव्हता. बुधी टाकीवर गेली, जाऊ भट्टीवर. हे सेठच्या डोक्यात आलं नाही. मौलानांनी त्याला ओझं हलकं करायला सांगितलं होतं, ते जातं कुठे हे बघायला सांगितलं नव्हतं. माझ्याही डोक्यात ते आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की बुधीला माझी जागा शिकवायला लागले.

मी माझं गोणपाट उचललं आणि चाळणीजवळ घडी करून त्यावर बसले.

दोन दिवस निभावलं. बुधी अंगाने हलकी, पाय जपून टाकायची. तिसऱ्या रोज्याच्या सकाळी ती माझ्याजवळ आली आणि खाली वाकून हळूच विचारलं. तिला मुनीमसमोर कामात कच्ची दिसायचं नव्हतं.

"आपा, फळी डुगडुगते गो. तू काय करायचीस?"

"डुगडुगतेच ती," मी म्हटलं. "सांभाळून उभी ऱ्हा."

ती गेली. पुढचं वर लिहिलं आहे.

आधी सरकारी दवाखान्यात नेली, मग तिथून अलिबागला. सेठ स्वतः बरोबर गेला. त्या संध्याकाळी सेठच्या घरून आमच्याकडे इफ्तारीचा डबा आला. तो दरवर्षी सगळ्यांकडे यायचा, पण त्या दिवशीचा मोठा होता. खजूर, कलिंगड आणि मटणाचे समोसे. रशीद म्हणाला, अम्मी, सेठची मेहेरबानी. मी डबा उलटासुलटा बघितला. मेहेरबानी की गप राहायची किंमत, ते सांगायला डब्याला बोलता येत नव्हतं. मी पाण्यावर रोजा सोडला आणि समोसे शेजारी देऊन टाकले.

दोन दिवसांत गिरणीत एक गोष्ट फिरायला लागली. मुनीमने सुरू केली. बुधी प्यायलेली होती म्हणे. कातकरीण आहे, सकाळी सकाळी घेऊन आली असेल, फळीला काय धाड भरली होती? बायका मान हलवायला लागल्या. बुधी कधीमधी घ्यायची, सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर ती गोष्ट चालली. पण त्या सकाळी ती माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बोलली होती आणि मी रोज्याला होते. रोज्यात नाक फार तिखट होतं. तिच्या तोंडाला कांदा-भाकरीचा वास होता. दुसरा कुठलाही नाही. हे मला एकटीला माहीत होतं.

गोष्ट खरी ठरली असती तर काय झालं असतं ते सांगते. तिच्या औषधपाण्याची जबाबदारी गिरणीवर राहिली नसती. तिच्या जावेलाही काढलं असतं. आणि पाय बरे झाले तरी पूर्ण रोह्यात तिला कुणी कामाला उभं केलं नसतं. ती शुद्धीत होती, पण अलिबागला होती. इथे बोलायला तिच्या बाजूने कुणी नव्हतं.

आठव्या रोज्याला हवालदार जबाब घ्यायला आला. बुधीचा नवरा आणि त्यांच्या कातकरवाडीतले दोन म्हातारे दाराशी उकिडवे बसले होते. सेठ खुर्चीवर होता, मान खाली. मुनीमने त्याचं सांगितलं. दोन बायकांनी काही दिसलं नाही सांगितलं. मग हवालदाराने मला विचारलं, टाकीच्या सर्वांत जवळ तू होतीस ना?

मी सेठकडे बघितलं. एवढी वर्षं हा माणूस भाऊ भाऊ करत होता. आता बघू म्हटलं. तो वर बघेना. माझ्या मनात आलं, झालं, हाच तो दरवाजा. आणि बरं वाटलं. खरंच सांगते. इतकी वर्षं धरलेला संशय खरा निघाला की माणसाला बरं वाटतं. पण तेवढ्यात लक्षात आलं की बघायला मी पण तिथेच उभी आहे आणि माझी मान सेठहून वर नाही.

"ती प्यायली नव्हती," मी म्हटलं. "फळीखालची वीट हालते, ते मी मुनीमला दोनदा सांगितलंय. मी तिथं गोणपाट लावायची. ते मी काढून घेतलं. तिनं विचारलं तेव्हा पण सांगितलं नाय."

मुनीम म्हणाला, बाईला रोजा लागलाय, काहीही बोलते. दाराशी बुधीचा नवरा उभा राहिला. मला वाटलं आता हा मला मारणार आणि मी हललेही नसते.

मग सेठ बोलला. "विटेचं मुनीमनं मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, ईदनंतर बघू."

हवालदाराचा हात थांबलेला होता. मला वाटलं, हे लिहिलं जात नाही हे बघूनच सेठ बोलला असणार. तेवढ्यात सेठ म्हणाला, "लिहा. थांबलात कशाला?"

माझा संशय तिथे उघडा पडला. असं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

त्याच दुपारी गवंडी बोलावून वीट बसवली. मुनीमला काढलं नाही, पण टाकीवर कुणाला पाठवलंही नाही. दुसऱ्या दिवशी सेठच लुंगी वर खोचून फळीवर चढला. ढवळायचं लाकूड त्याला धड धरता येत नव्हतं. त्याचा पण रोजा होता. एका बाईने म्हटलं, सेठ, उतरा, लोक काय म्हणतील. तो म्हणाला, ओझं मी हलवलं, ते कुणाच्या डोक्यावर ठेवलं ते बघायला विसरलो. मी चाळणीवरून बघत होते, कधी उतरतो ते. पहिल्या दिवशी वाटलं, हवालदारासाठी. चौथ्या दिवशी वाटलं, मौलानांसाठी. ईदपर्यंत तो उतरला नाही. दिखावा असेल तर असो. एवढा दिखावा सगळ्या मालकांनी केला तरी माझी हरकत नाही.

म्हणजे मला गाव सोडायला सेठने लावलं नाही, ताहेरा. त्याने ईदनंतर कामावर ये म्हणून निरोप पाठवला होता. मोहल्ल्यातल्या बायका पाणी भरताना गप व्हायला लागल्या. म्हणत, पाक महिन्यात आपल्याच माणसाचं नाव पोलिसाच्या कागदावर नेलं. स्वतःचं नाव मी त्याच्या आधी नेलं, ते कुणी धरलं नाही. वाडीवरचे लोक माझ्याकडे बघून थुंकत. ते मात्र बरोबर होतं. दोन्हीकडून तोंड चुकवत चालायला रस्ता फार अरुंद होता. रशीदला डोलवीच्या कारखान्यात कंत्राटाचं काम मिळालं आणि पेणला खोली मिळाली. आम्ही निघालो.

निघायच्या आधी मी अलिबागला जाऊन आले. बुधी खाटेवर बसलेली होती, पाय कापसात गुंडाळलेले. तिने मला बसायला सांगितलं नाही. एकच विचारलं.

"गोणपाट होतं तुझ्याकडं?"

"व्हय."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी निघून आले.

पेणला पहिली दोन वर्षं मी कुणाच्या हाताखाली काम केलं नाही. भांडी घासली नाहीत, गणपतीच्या कारखान्यात माती मळायला बोलावलं तर गेले नाही. मला मालकांची भीती नव्हती. शेजारी कोण उभं असेल आणि मी त्याला काय सांगणार नाही, याची होती. मग घरीच पोह्याचे पापड करायला लागले. पोह्याच्या पिठाचा वास नाकात बसलेला, तो जाणार नव्हता, मग त्याचंच खाल्लं. आता रशीदची शिफ्ट असते, सून शबाना मोबाईलवर ऑर्डरी घेते आणि माझ्याकडे दोन बायका कामाला येतात. म्हणजे आता मालकीण मी आहे. बावाला हसू आलं असतं.

पापडाचं पीठ कुटणं हे जड काम. रमजानात मी रोज्याला असते, बायका नसतात. शबाना म्हणते, अम्मी, तुम्ही लाटायला बसा, कुटायचं त्यांना द्या. मी पहिला घाणा स्वतः कुटते. सत्तरी उलटली आहे, खांदा दुखतो, तरी कुटते. जे मला एका दमात होत नाही ते त्यांना देताना दोन भाग करून देते. बत्त्याचा दांडा कुठे सैल आहे, पाटा कुठल्या कोपऱ्यावर हलतो, हे दोघींना रोज सांगते. त्या कंटाळतात. त्यातली मंजू एकदा दुसरीला म्हणताना ऐकलं, म्हातारी आधी स्वतः कुटून बघते, आपण किती काम चोरतो ते मोजायला. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिला संशय येतो, येऊ दे. मालकाकडे संशयाने बघावं. फक्त त्या संशयापायी शेजारणीला फळी डुगडुगते हे सांगायचं राहू नये. एवढंच मला आयुष्यात कळलं आहे आणि ते फुकट कळलेलं नाही.

दोन वर्षांमागे, ताहेरा, तुझ्या नातीच्या लग्नाला निडीला उतरले. स्टेशनबाहेर एक बाई शेवळांच्या, त्या पावसाळी रानभाजीच्या, जुड्या घेऊन बसली होती. पाय लुगड्याखाली घेतलेले. मी आधी जुडी ओळखली, मग हात ओळखले. माझी सवय, जुडी उलटी करून खालची शेवळं सडकी आहेत का बघायला लागले.

"बघ गो, बघ," बुधी म्हणाली. "खाली गोणपाट नाय."

तिची सून शेजारी होती, ती हसली, तिला काय माहीत. बुधी हसली नाही, रागावलीही नाही. भाव कमी केला नाही. मी दोन जुड्या घेतल्या. शेवळात घालायला काकडं, ती रानातली आंबट फळं, आहेत का विचारलं, नाहीतर घसा खाजतो. तिने पदराच्या गाठीतून काढून दिली आणि म्हणाली, जास्त शिजव, तुम्हाला नीट शिजवता येत नाय. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला ती द्यावी लागली असती, म्हणजे पुन्हा एक ओझं तिच्यावर.

ताहेरा, तू म्हणतेस, आता सगळे विसरले, परत ये, आपली खोली रिकामी आहे. सगळे विसरले असतील तर मला आणखीच यायचं नाही. लोक घराला कसं ओळखतात ते मला माहीत नाही. मी ते कुठली वीट हलते त्यावरून ओळखते. पेणच्या आमच्या जिन्याची तिसरी पायरी सैल आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी वरून ओरडून सांगते, पोस्टमनलासुद्धा. शेजारी मला तिसरी पायरीवाली म्हणतात. माझं घर इथे आहे. तिकडे आहे ते माझं गाव, आणि तिथे मी गप बसलेली आहे.

तू विचारलं होतंस, गप राहिले असते तर काय बिघडलं असतं. मी गप राहिलेच होते. त्या सकाळी तिने विचारलं तेव्हा. तेव्हाच काय ते बिघडलं.

मुनीम मागेच वारला. हसनसेठ गेल्या वर्षी गेला. गिरणीच्या जागेवर आता सिमेंटचं दुकान आहे, टाकी बुजवली. फळी हलते हे त्या सकाळी आम्हा चौघांनाच माहीत होतं. बुधी जिवंत आहे आणि मी जिवंत आहे.